जंबेरी खालून फुटते

क्षमा हे वीरांचं भूषण, असा सुविचार मी शाळेच्या फळ्यावर स्वतः कितीदा तरी लिहिला आहे. आमच्या प्रणालीकडे भूषणं मुळातच कमी, त्यात हे एक नव्हतं. सहावीत विशालनं तिची चप्पल शाळेच्या विहिरीत टाकली. बारावीत प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तोच विशाल तिच्याकडे आकृत्या मागायला आला, तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "चप्पल आणली का?" बिचारा सौसरच्या बाजारातून खरंच चप्पल घेऊन आला. तिनं ती पायात घालून पाहिली, मापाची नाही म्हणाली आणि परत केली. आकृत्या दिल्याच नाहीत.

मी सुचिता. सौसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पहिलीपासून बारावीपर्यंत मी प्रणालीच्या शेजारी बसले, म्हणून हे सांगायचा हक्क माझा. प्रणाली सोमकुवर आता डॉक्टर प्रणाली झाली आहे आणि तिच्याबद्दल आमच्या भागात दोन गोष्टी फिरतात. पांढुर्ण्यात म्हणतात, पोरीनं आपल्याच भागातल्या पोराचा घात केला. तिच्या गावात, रामाकोन्यात, म्हणतात, पोरगी साधी हो, खरं काय ते आपोआप बाहेर आलं. दोन्ही गोष्टी खोट्या. खरं कधी आपोआप बाहेर येत नसतं, त्यासाठी कुणालातरी दबा धरून बसावं लागतं. आणि घात आधी कुणी केला तेही ऐकून घ्या.

तिचे वडील नत्थूजी दुसऱ्यांच्या बागांना पाणी द्यायचे आणि आई मनकर्णाबाई संत्र्याच्या कलमा बांधायची. संत्र्याचं झाड स्वतःच्या मुळांवर उभं नसतं हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक आहे. खाली खुंट जंबेरीचा, म्हणजे जाड सालीच्या आंबटढोण लिंबाचा. त्याच्या सालीला चीर द्यायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. डोळा जगला तर वर संत्रा येतो. मेला तर जंबेरी खालून फुटते, आणि तीसुद्धा अशी हिरवीगार की नवख्याला वाटावं, वा, कलम लागली. खरं काय ते फळ धरल्यावर कळतं, आणि फळ धरायला काही वर्षं जातात.

सुट्टीत प्रणालीही आईबरोबर कलमा बांधायची. तिची बोटं बारीक आणि थंड होती. त्यांच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर वाढलेलं जंबेरीचं एक मोठं झाड होतं. संत्र्याच्या मुलखात असं नुसतं जंबेरीचं झाड कुणी मुद्दाम ठेवत नाही. मी तिच्याकडे गेले की त्याच फळांचं शरबत मिळायचं, आणि दात आंबून जेवण जायचं नाही.

पुढं प्रणाली भौतिकशास्त्रात संशोधन करायला पुण्याकडच्या एका संस्थेत गेली. नाव लिहीत नाही, भांडण भिंतींशी नव्हतं. पहिल्या सुट्टीत आईनं विचारलं, "काय करून राहिली तू तिकडं?" प्रणालीनं आईच्या हातातली बांगडी काढून घेतली.

"हे पाह्य. हे चेपली, वाकवली, चिखलात टाकली, तरी हिचं भोक एकच राहते का नाही? थे घालवायचं असन तर बांगडी तोडाच लागते. काही दगडाईतबी असा एक गुण राहते. आतून वीज जात नाही, वरच्या पापुद्र्यातून जाते. ओरखडे काढले तरी जाते. थो गुण डोळ्यानं दिसत नाही. मी थो मोजून राहिली."

"मोजते कशानं?"

"तारा बांधून."

मनकर्णाबाईंचं समाधान झालं. पोरगीही बांधायचंच काम करते, असं म्हणाल्या.

काम खरंच तसं होतं. भट्टीत आठवडे घालवून चकचकीत स्फटिक वाढवायचा, त्याचा तिळाएवढा कपचा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर केसाहून बारीक तारा चिकटवायच्या. मग तो कपचा अशा थंडीत सोडायचा की तिथं हवासुद्धा गोठून जावी, आणि चुंबकाचा जोर वाढवत तारांमधून विजेला किती अडथळा होतो ते पाहत बसायचं. कपचा अस्सल असेल तर अडथळा लाटांसारखा वर-खाली होतो, आणि त्या लाटा कुठून सुरू होतात त्यावरून कळतं की वीज त्याच खास पापुद्र्यावरून धावते आहे. हे सगळं ती मला फोनवर सांगायची. मला निम्मं कळायचं, पण तिचा आवाज ऐकून मीच खूष व्हायचे.

त्याच प्रयोगशाळेत वीरेंद्र होता. पांढुर्ण्याचे संत्र्याचे मोठे व्यापारी यशवंतराव, त्यांचा मुलगा. प्रणालीहून वरच्या वर्षाला होता. बोलण्यात पटाईत, प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचा लाडका. कँटीनमध्ये प्रणालीजवळ बसून आपली बोली बोलायचा आणि तिच्या आईनं पाठवलेलं जंबेरीचं लोणचं बोटांनी चाटून खायचा. परक्या मुलखात तिला तो घरचा वाटला. दादा म्हणायची त्याला.

मग नत्थूजी गेले. फोन आला त्या दिवशी ती एक घाईची चाचणी करत होती. तारा चिकटवायचा चांदीचा लेप वाळून दगड झाला होता, म्हणून तिनं इंडियम वापरलं होतं. इंडियम म्हणजे नखानं दाबला जाईल असा मऊ धातू, पटकन चिकटतो. पण त्याला एक खोड आहे. फार थंडीत तो स्वतःच विजेला अडवणं साफ सोडून देतो. प्रणालीच्या आलेखात एका जागी अडथळा कड्यावरून पडावा तसा खाली आला. ती हसली, कारण ते स्फटिकाचं नव्हतं, इंडियमचं होतं. परत आल्यावर सोन्याच्या तारा लावून पुन्हा मोजू, असं ठरवून ती गावी निघाली.

ती परत आली तेव्हा प्रयोगशाळेच्या संगणकावरून उचललेला तोच आलेख बैठकीत पडद्यावर होता आणि खाली नाव वीरेंद्रचं होतं. या स्फटिकात जगात फार थोड्यांना सापडलेली नवी अवस्था सापडली, असा त्याचा दावा होता. बापाची राख अजून थंड झाली नव्हती आणि इकडे ही लूट झाली. आजही हे लिहिताना माझा हात शिवशिवतो.

प्रणाली उभी राहिली. "सर, ते माप मी घेतलेलं आहे. आणि त्या तारा लावताना—"

सर चहा पीत होते. "तुम्ही दोघं एकाच गावचे ना? घरचं भांडण घरी मिटवा. पेपरच्या आभारात तुझं नाव टाकू आपण."

रामाकोना आणि पांढुर्णा यांच्यामध्ये दोन बस बदलाव्या लागतात. पण पुण्याहून पाहिलं की आम्ही सगळे एकाच गावचे दिसतो.

"सर, एकदा ऐकून घ्या. त्या तारांचं—"

तेव्हा वीरेंद्र हसला आणि सगळ्यांसमोर आपल्या बोलीत म्हणाला, "पोरी, तारा लावनं तर तुमचं खानदानी काम हाये. तुह्या मायनं आमच्या बागेत कलमा बांधल्या. तू तारा लाव. डोकं आम्ही लावतो."

सरांना बोली कळली नसेल, पण अर्थ कळला. ते कपात बघत हसले. प्रणाली खाली बसली. सांगायचं वाक्य तिच्या ओठांवर होतं, ते तिनं गिळलं.

संध्याकाळी मला फोन आला. "मी सांगणार होती सुचे. मले तोंड नाही उघडू देल्लं. आता नाही सांगत."

मी विज्ञानाची शिक्षिका. सत्य लपवू नये, असं मी म्हणायला हवं होतं म्हणे. मी म्हटलं, "बिलकुल नोको सांगू." आजही हेच म्हणेन. तिनं सांगितलं असतं तर सरांनी चूक गुपचूप सुधारली असती, सुधारलेल्या कामावरही वीरेंद्रचंच नाव राहिलं असतं, आणि तिची सगळी वर्षं आभाराच्या एका ओळीत बसली असती. धोका मात्र होता. माहीत असून लपवलं असं उद्या कुणी म्हटलं, तर पदवी तर जातीच, वर नावही जातं. ते नावच तर तिला हवं होतं.

दिवाळीत ती घरी आली आणि तिनं आईला सगळं सांगितलं. मीही तिथं होते. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. 'डोकं आम्ही लावतो' ऐकलं आणि त्यांचा हात परातीतच थांबला.

"हेच म्हणला?"

"हेच."

"त्याचा बापबी हेच म्हणला होता मले."

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. यशवंतरावांनी पहिली स्वतःची बाग लावली ती रामाकोन्याच्या शिवारात. त्यांना फळ कळायचं, झाड कळत नव्हतं, कारण जन्मभर दुसऱ्यांच्या बागांतला तयार माल घेतलेला. त्या वर्षी उन्हानं संत्र्याचे डोळे मेले आणि कलमा खालून फुटल्या. मनकर्णाबाई सांगायला गेल्या, "बापू, जंबेरी फुटून राहिली." बागेतल्या घराच्या ओसरीवर पाहुणे बसले होते. यशवंतराव त्यांच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "तू कलमा बांध मनकर्णे. डोकं आम्ही लावतो." वर उद्यापासून येऊ नको असंही सांगितलं. ओसरीच्या पायरीवर तेव्हा त्यांचा लहानगा पोरगा खेळत होता.

मनकर्णाबाईंच्या टोळीतल्या बाकीच्या बाया तिथंच उभ्या होत्या. जंबेरीचं पान त्यातल्या प्रत्येकीला कळत होतं, त्यात काही मोठी विद्या नव्हती. पण आपल्यातल्या एकीला असं हाकललेलं पाहिलं आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, ठरवलं नाही. त्यांनी त्या बागेला पाणी दिलं, खत दिलं, आळी केली, गाणी म्हटली. मग फळ धरलं. अख्खी बाग आंबट निघाली. तोडायला पुन्हा याच बायांना बोलावलं, तेव्हा मनकर्णाबाईही मुद्दाम गेल्या आणि एक फळ ओटीत घालून घेऊन आल्या. त्याचंच बी मोरीजवळ लावलं. ज्याचं शरबत पिऊन आम्ही दोघी मोठ्या झालो, ते झाड म्हणजे त्या माउलीचा राग होता.

"मंग बरं वाटलं का तुले, आई?" प्रणालीनं विचारलं.

"वाटलं न. काहून नाही वाटन?" मनकर्णाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "पन त्याची बाग गेली, मले काय भेटलं? आंबट शरबत. म्या नुसती चूप बसली, थे चुकलं. तू नुसती चूप नोको बसू. आपली खरी कलम बांधून ठेव."

प्रणाली सुट्टी संपायच्या आधीच परत गेली. तो इंडियमचा कपचा तिच्या डबीत जसाच्या तसा होता. तो तिनं तसाच राहू दिला. त्याच स्फटिकाचा दुसरा कपचा काढून सोन्याच्या तारा लावल्या आणि यंत्रावर आपली पाळी आली तेव्हा मोजलं. कडा गायब होता. त्याच्या जागी लाटा होत्या, स्वच्छ, आणि अगदी जिथून सुरू व्हायला हव्यात तिथून सुरू झालेल्या. एवढी वर्षं ती जो गुण शोधत होती तो हाच होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. मला फक्त एवढंच म्हणाली, "कलम लागली."

वीरेंद्रचा पेपर छापून आला. पांढुर्ण्यात त्याचे फलक लागले, सत्काराची तारीख ठरली, कुठल्याशा कॉलेजात नोकरी पक्की झाल्याची बोलणी सुरू झाली. मग बाहेरच्या एका प्रयोगशाळेनं कळवलं, आम्हाला तुमचा परिणाम मिळत नाही, तारा कशानं लावल्या होत्या?

सरांनी सगळ्यांना बोलावलं. वीरेंद्र म्हणाला, "चांदीचा लेप, सर. नेहमीचाच." पेपरात त्यानं तेच छापलं होतं. ज्या कपच्यावर त्यानं नाव कमावलं, त्याला त्यानं एकदाही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं नव्हतं.

"मग पुन्हा मोजून दाखव," सर म्हणाले आणि प्रणालीकडे वळले. "तारा तूच लावल्या होत्यास ना?"

"माप वीरेंद्रदादाचं आहे सर. त्यांनाच विचारा."

पुढं तो मोजत राहिला. चांदीचा लेप, पुन्हा चांदीचा लेप. कडा येईना. डोळे खोल गेले, दाढी वाढली. प्रणाली रोज त्याच्यासमोरून जायची, तिची आई त्या बागेजवळून जायची तशी. एका दुपारी तो कँटीनमध्ये तिच्यासमोर येऊन बसला. "काय लावलं होतं तू? सांग न. आपन एका भागातले."

तिनं बरणी त्याच्यापुढं सरकवली. "लोणचं घ्या दादा. डोकं तुम्ही लावता न?"

हे तिनं मला अगदी शांत आवाजात सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या.

वीरेंद्रनं हात टेकले तेव्हा ती सरांकडे गेली. सरांसमोर जुना कपचा यंत्रात सोडला, कडा दाखवला. त्याच कपच्यावरचं इंडियम काढून सोन्याच्या तारा लावल्या, पुन्हा मोजलं. कडा गेला, लाटा आल्या. सरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच, ज्याची तिला इतके महिने धास्ती होती.

"तुला हे आधीपासून माहीत होतं?"

"मी सांगायला उभी राहिले होते सर. दोनदा. दुसऱ्यांदा मला काय उत्तर मिळालं ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही हसला होतात."

सरांच्या हातात तेव्हाही चहाचा कप होता. त्यांनी तो खाली ठेवला. धास्ती संपली. पेपर मागे घेतला गेला. असा पेपर पुसून टाकत नाहीत, 'मागे घेतला' असा ठळक शिक्का मारून नावासकट जन्मभर लोकांसमोर ठेवतात. खऱ्या मापाचा नवा पेपर गेला, त्यावर पहिलं नाव प्रणाली सोमकुवर.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सत्काराच्या पत्रिका आधीच वाटून झाल्या होत्या आणि वीरेंद्रनं घरी काही सांगितलं नव्हतं. थंडीत प्रणाली गावी आली होती. मनकर्णाबाई म्हणाल्या, आपण जाऊ. आम्ही तिघी सौसरहून बसनं निघालो. जामसांवलीच्या फाट्यावर देवळाला जाणाऱ्या भाविकांनी अर्धी बस रिकामी केली आणि बसायला जागा मिळाली. मनकर्णाबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पांढुर्ण्यात गोटमारीच्या दिवशी लोक एकमेकांना दगड मारतात आणि दुसऱ्या दिवशी सोयरे होतात. इतका सोयीचा राग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

सभागृह भरलं होतं. सूत्रसंचालक अनिलभाऊ वीरेंद्रला पांढुर्ण्याचा हिरा म्हणत होते. वीरेंद्रनं आम्हाला पाहिलं आणि त्याच्या गळ्यातला हार एकाएकी जड झाल्यासारखा तो खाली वाकला. ज्यांना सत्कार करायचा त्यांनी वर यावं, असं अनिलभाऊ म्हणाले आणि मनकर्णाबाई उठल्या.

प्रणालीनं पदर धरला. "आई, राहू दे. झालं न आपलं."

"तुहं झालं. माहं राहिलं हाये."

त्या मंचावर चढल्या, वीरेंद्रला ओलांडून पुढं गेल्या आणि पिशवीतून एक पिवळं, खडबडीत फळ काढून यशवंतरावांच्या हातात ठेवलं. म्हाताऱ्यानं जन्माच्या सवयीनं सालीला नख लावलं आणि वास घेतला. मग त्यांनी मान वर केली.

"मनकर्णा?"

"हो बापू. तुमच्याच बागेतलं बी हाये. याही वक्ताले खालूनच फुटलं. माह्या पोरीनं तारा लावल्या, डोकं तुमच्या पोरानं लावलं. इचारा त्याले."

माईक समोरच होता. अर्धा पांढुर्णा संत्र्यावर जगतो. खालून फुटणं म्हणजे काय, हे त्या सभागृहात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. यशवंतराव फळ हातात धरून मुलाकडे पाहत राहिले. "वीरू," ते म्हणाले, "काय म्हणून राहिली हे?" वीरेंद्र हाराची फुलं तोडत बसला. बापानं पुन्हा विचारलं नाही. त्यांना फळ कळायचं.

मनकर्णाबाई खाली आल्या आणि जेवण वाढलं तेव्हा मसालेभात दोनदा मागून घेतला. परतीच्या बसमध्ये प्रणाली म्हणाली, "आई, आता थे झाड तोडून टाकू का? मोरीत अंधार पडते."

"तोडतं काहून? पावसाळ्यात त्याच्यावर संत्रा बांध तू. मले आता बारीक दिसत नाही."

बस फाट्यावर थांबली, माणसं चढली. मनकर्णाबाईंनी रिकामी पिशवी नीट घडी करून कमरेला खोचली.

"एक फांदी मात्र जंबेरीचीच ठेवजो," त्या म्हणाल्या. "लागते कधी कधी."